रोज पंधरा नावं

यादीत आपलं नाव नसणं म्हणजे काय, हे ज्याचं नाव कधी गळलेलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. आमच्या नामिसिका गावात दर वर्षी ऑक्टोबरात, मक्याच्या पेरणीआधी, स्वस्त खताच्या कुपनांची यादी वाचली जायची. घरं तीनशेच्या वर आणि कुपनं बेचाळीस. गावप्रमुख चिसुंगा आपल्या अंगणात खुर्ची टाकून बसायचे, पायावर पाय चढवायचे, पेनानं कान खाजवायचे आणि एकेक नाव असं उच्चारायचे, की जणू स्वतःच्या ताटातला घास काढून देताहेत. आम्ही बाकीचे जमिनीवर. नाव आलं की बाया जीभ हलवून आरोळी ठोकायच्या. नाही आलं की कपड्यांची धूळ झटकायची आणि घरी चालू लागायचं. का नाही आलं, हे विचारायचं नाही. विचारणाऱ्याचं नाव पुढच्या वर्षीही येत नाही, एवढं शहाणपण आमच्याकडे लहान पोरालाही असतं.

त्या वर्षी फालेसीचं नाव आलं नाही.

फालेसी चौफुलीवर मंदासी, म्हणजे पिठाचे गोड वडे, तळून विकायची. तिच्या हातची मंदासी गोड, गरम आणि आतून पोकळ नसलेली, म्हणून खपायचीही. नवरा जोहान्सबर्गला कामाला गेला तो गेलाच. वर्षातून एखादा निरोप आणि एखादं पातळ ब्लँकेट. घरात ती आणि तिचा तेरा वर्षांचा मुलगा सेकानी. गावात तिला नावानं कोणी हाक मारत नसे, सगळे 'सेकानीची आई'च म्हणायचे.

त्या दिवशी ती घरी आली ती तणतणतच.

"मेला चिसुंगा! दर वर्षी त्याच्या मेव्हण्याचं नाव, मेव्हण्याच्या मेव्हण्याचं नाव. आम्ही काय माती खायची? वशिला नाही म्हणून आमचं पोट नाही?"

सेकानी दारात बसून गणितं सोडवत होता. "आई, मग तू त्यांना तिथंच का नाही विचारलंस?"

"विचारून काय होतंय? तोंड वाजवून कुणाचं भलं झालंय?" ती म्हणाली, आणि उठून अंगणातली तांबडी कोंबडी धरली. कोंबडीनं आकांत केला. फालेसीनं तिचे पाय बांधले आणि ती मुलाच्या हातात दिली. "जा, प्रमुखांकडे देऊन ये. काही बोलू नकोस. आईनं नमस्कार सांगितलाय, एवढंच म्हण."

"नमस्कार कोंबडीबरोबर पाठवतात?"

"जास्त शहाणपणा नको. जा मुकाट्यानं."

आठवड्यानं 'दुरुस्त केलेली' यादी वाचली गेली, आणि तिच्यात फालेसीचं नाव होतं! आरोळी ठोकत ती घरी आली, मुलाला जवळ ओढलं आणि म्हणाली, "बघितलंस? जगात असं वागावं लागतं, राजा. नुसतं खरं असून भागत नाही." मुलगा हसला. त्या दिवशी तो जे शिकला त्याला फळा लागला नाही, खडू लागला नाही, आणि त्याची परीक्षाही कधी झाली नाही. तरी तो पहिल्या वर्गात पास झाला.

त्याच आठवड्यात सातवीच्या वर्गाला नवा मॉनिटर नेमायचा होता. फालेसीनं सलग तीन दिवस कागदात गरम मंदासी बांधून मुलाबरोबर कालुवा मास्तरांकडे पाठवली. चौथ्या दिवशी सेकानी मॉनिटर झाला. पोरगा हुशार होताच, कदाचित मंदासीशिवायही झाला असता. पण आता ते कुणालाच कळणार नव्हतं, त्यालासुद्धा.

कालुवा मास्तर वाईट माणूस नव्हता. वाईट माणसं निदान ओळखू तरी येतात. हा बिचारा सातवीची एकशे बारा पोरं सांभाळायचा, वर सहावीचा मास्तर सोडून गेला म्हणून तो वर्गही त्याच्याच गळ्यात. त्यात पालकांच्या समितीनं शिक्षकांची खोली बांधायला काढली होती. तिच्या विटा शाळेच्या मागेच पाडल्या जायच्या आणि विटांना पाणी लागायचं. पाणी खालच्या ओढ्याला. मग ते वाहणार कोण?

पहिल्याच दिवशी मास्तरांनी सेकानीला कागद दिला. "मी सहावीवर जाऊन येतो. जो तोंड उघडेल त्याचं नाव लिही."

मास्तर परत आले तेव्हा कागदावर चार नावं होती.

"हे काय? चारच?"

"सर, चौघंच बोलले."

"एकशे बारा पोरं आणि चौघंच बोलले? झोपला होतास काय रे? पाण्याला पंधरा जण लागतात. पंधरा नावं हवीत मला, रोज. नाहीतर पंधरावा तू."

सेकानीनं मान खाली घातली आणि आणखी अकरा नावं लिहिली. कुणाची लिहावीत, याचा विचार करायला त्याला फार वेळ लागला नाही. आधी ज्यांच्याशी त्याचं भांडण होतं ते. मग मागच्या रांगेतले. मग ज्यांच्याकडून उलटून काही यायची भीती नाही ते. हे त्याला कुणी शिकवलं? कुणीच नाही! किंवा आपण सगळ्यांनीच.

दुसऱ्या दिवशी एका मुलानं त्याच्यापुढे मूठभर शेंगा ठेवल्या. सेकानीनं त्याचं नाव खोडलं. तिसऱ्या दिवशी उसाचं कांडं आलं, आंबा आला, उकडलेलं अंडं आलं. महिन्याभरात वर्गात भाव ठरून गेला होता. शेंगांना एक दिवस, आंब्याला दोन, अंड्याला अख्खा आठवडा.

घरी फालेसीला मुलाच्या खिशात शेंगांची टरफलं सापडायची. "कुठून रे आणतोस?" म्हटलं की तो म्हणायचा, "मित्र देतात." ती शेजारणीला कौतुकानं सांगायची, "माझ्या सेकानीनं माणसं जोडलीयत हो. बापावर नाही गेला." हे तिनं माझ्या बायकोलाही सांगितलं होतं. आमचाही मुलगा त्याच वर्गात होता आणि दर आठवड्याला एक उकडलेलं अंडं घेऊन शाळेत जायचा. आम्हीच द्यायचो. कशाला, ते आम्ही विचारलं नव्हतं.

आमच्या शाळेत मुलांना दुपारी मक्याची लापशी मिळते. ती शिजवायला आयांच्या पाळ्या लागतात. नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी फालेसीची पाळी आली. जोडीला नाफिरी आजी होती. आजी म्हणजे गावची जुनी सुईण. नात्यानं ती कुणाचीच नव्हती आणि धाकानं सगळ्यांची होती. दोघी मोठ्या भांड्यात लाकडी पळा फिरवत होत्या. तेवढ्यात डोक्यावर बादली घेतलेली एक मुलगी ओढ्याकडून वर चढून आली. पाठीवरचा झगा भिजून अंगाला चिकटलेला, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. तिनं बादली विटांच्या खड्ड्यात ओतली आणि वळली.

"अगं ही डोरिकाची एलुबे ना?" फालेसी म्हणाली. "वर्ग चालू आहे आणि ही इथं काय करतेय? ए एलुबे!"

मुलगी थांबली. "यादीत नाव आहे, काकी."

"बडबड केलीस वाटतं?"

"नाही, काकी."

"मग नाव कसं आलं?"

एलुबेनं एकदा नाफिरी आजीकडे पाहिलं आणि ती पुन्हा उताराला लागली. आजी पळा फिरवतच म्हणाली, "माझी चौथी पाळी आहे ही. चारही वेळा मी तिला बादलीखालीच बघितलंय. हिला अक्षरं कमी आणि ओढ्याच्या पायऱ्या जास्त पाठ झाल्या असतील. लापशी वाटून संपते तेव्हा ही वर येते. मग मी भांडं खरवडून देते."

"पण मॉनिटर तर आमचा सेकानी आहे! तो असं कुणाचं उगाच..."

"सेकानीची आई," आजी म्हणाली, "पळा दे माझ्याकडे. जा, खिडकीतून बघून ये. आत नको जाऊस. नुसतं बघ."

फालेसी गेली. खिडकीला काच नव्हती, नुसती जाळीची वीट होती. आत मास्तर नव्हते. शंभर पोरं चिडीचूप बसली होती, आणि समोर मास्तरांच्या टेबलावर तिचा मुलगा बसला होता. पायावर पाय चढवून. पेनानं कान खाजवत. एक बारकं पोर पुढे आलं, दोन हातांनी वाकून एक आंबा टेबलावर ठेवला आणि मागे मागे सरकत जागेवर गेलं. सेकानीनं कागदावर एक रेघ ओढली, मग वर्गावर नजर फिरवत सावकाश म्हणाला, "उद्याचे बारा झाले. तीन कोण?"

ते बसणं, ती नजर, तो कान! पोर फालेसीचंच होतं, पण त्या टेबलावर तिला चिसुंगा दिसला.

आजीनं सांगितलं होतं आत जाऊ नकोस म्हणून, पण तिनं ऐकलं नाही. वर्गात शिरून तिनं त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं, लापशीच्या चुलीपाशी आणलं आणि थोबाडीत दिली. "लाज नाही वाटत? गरिबाच्या पोरांकडून आंबे खातोस? हे शिकवलं मी तुला?"

सेकानी गाल चोळत उभा राहिला. तो रडला नाही. त्याला खरंच कळलं नव्हतं, आणि तेच वाईट होतं. "यात काय चुकलं, आई? तू पण दिलीसच ना कोंबडी?"

"ते... ते वेगळं होतं!"

"कसं वेगळं?"

फालेसीनं ओढ्याकडे बोट केलं. "एलुबेचं नाव रोज का लिहितोस?"

"ती काही आणत नाही."

"तिच्या घरी असतं कुठे काही, मूर्खा!"

"आपल्या घरी तरी कुठे होतं? एकच कोंबडी होती. तू दिलीसच की." तो अगदी समजुतीच्या सुरात बोलत होता, जणू तीच लहान होती. "आणि मास्तरांना पंधरा लागतातच. कुणाचं तरी नाव राहणारच ना, आई. आपलं नसलं म्हणजे झालं. तूच म्हणतेस."

चुलीवरची लापशी करपायला लागली होती. नाफिरी आजीनं जळतं लाकूड बाहेर ओढलं, मुलाला वर्गात पाठवलं आणि फालेसीला खाली बसवलं.

"पोराला मारलंस. आता स्वतःला कधी मारणार?"

"आजी, मी काय केलं? सगळं गाव देतं!"

"देतं ना. मी कुठे नाही म्हणते? मला एक सांग. कुपनं बेचाळीस. तुझं नाव आलं तेव्हा त्रेचाळीस झाली का?"

फालेसीनं नकारार्थी मान हलवली.

"नाही झाली. मग कुणाचं गेलं? कधी विचारलंस?"

"कुणाचं?"

"डोरिकाचं. पहिल्या यादीत ती होती. घरात नवरा आजारी, पदरात चार पोरं, म्हणून होती. दुसऱ्या यादीत गळली. आई तिकडं गळली आणि पोर इकडं रोज लागतेय. तुम्ही दोघं मायलेक त्या घरावर चांगलेच प्रसन्न झालात!"

फालेसीनं तोंड हातांत झाकलं, पण आजी थांबली नाही. "या गावातली अर्धी माणसं माझ्या या हातांवर जन्मली. एकाच्याही मुठीत मी पेन बघितलं नाही आणि एकाच्याही मुठीत आंबा बघितला नाही. सगळी सारखीच रडतात, सारखीच हात पसरतात. पुढं आपण त्यांना दाखवतो हात कुणापुढे पसरायचा आणि कुणावर उगारायचा. चिसुंगा काय पोटातून असा आला? माझ्या धाकट्या भावाच्या वर्गात मॉनिटर होता तो. ऊस घ्यायचा. तेव्हा त्याच्या आईला कुणी खिडकीत उभं केलं नाही. आज तुला मी केलंय."

"मग मी काय करू आता?"

"कुपन डोरिकाला नेऊन दे. पोराला बरोबर घे. तिच्या दारात उभा राहून त्याला सांगू दे काय केलं ते."

"आणि आम्ही? खत नाही तर मका नाही. फेब्रुवारीत काय खायचं आम्ही?"

"ते मला माहीत नाही," आजी म्हणाली. "डोरिकालाही माहीत नाहीये."

वाचकहो, इथं फालेसी तडक उठली आणि डोरिकाच्या दारात गेली असं लिहायला मला आवडलं असतं. पण ती गेली नाही. शुक्रवारी बाजार होता. शनिवारी डोकं दुखलं. रविवारी चर्चमध्ये डोरिका तिच्या पुढच्याच बाकावर होती, आणि फालेसीनं सबंध प्रार्थनेत मान वर केली नाही. कुपन पिठाच्या डब्यात होतं. ती डबा उघडायची, बघायची, झाकण लावायची. बेचाळीसपैकी एक सोडायला चार दिवस लागले. आपल्यापैकी कितीजणांनी चौथ्या दिवशी तरी सोडलं असतं, हे ज्यानं त्यानं आपल्याशी ठरवावं.

सोमवारी सकाळी ती सेकानीला घेऊन गेली. डोरिका अंगणात कोंडा चाळत होती. आमच्याकडे कोंडा माणसांनी चाळायला घेतला की समजायचं, घरात पीठ संपलंय. फालेसीनं कुपन पुढे केलं आणि सगळं सांगितलं. सेकानीही अडखळत बोलला. डोरिका ऐकता ऐकता चाळत राहिली. मग तिनं हात पुसले, कुपन घेतलं आणि कमरेच्या गाठीत बांधलं.

"तुझा पोरगा वाईट नाही गं," ती म्हणाली. "एलुबेला त्यानं सांगितलं होतं, एक अंडं आण, आठवडाभर नाव लिहीत नाही. मला येऊन विचारलं तिनं. म्हणाली, आई, एक अंडं. मी म्हटलं, अंडं असतं तर तुझ्या बापाला उकडून दिलं नसतं?"

"एलुबे कुठाय?"

"गेली. शनिवारी तंबाखूच्या मळ्याची गाडी आली होती मजूर न्यायला, लिवोंडेच्या पलीकडे. पाठवली. शाळेत जाऊन पाणीच वाहायचं, तर तिथं वाहू दे. निदान पोटात दोन वेळचं जाईल."

शनिवारी! फालेसीचं डोकं दुखत होतं त्या शनिवारी. ती म्हणाली, "मी आणते तिला परत. तुझी शपथ, डोरिका, मी आणते."

"आण," डोरिका म्हणाली, आणि चाळण हातात घेतली.

दोघं मायलेक मालाच्या गाडीवर पोत्यांवर बसून गेले. मळ्याच्या रोपवाटिकेत वाफ्यांच्या लांब रांगा होत्या आणि पोरंपोरी झाऱ्यांनी रोपांना पाणी घालत होती. मुकादम सभ्य माणूस निघाला. "एलुबे? ती नवी ना? बोलवतो की. फार कामाची पोर आहे हो. बाकीची पोरं अर्धं पाणी वाटेत सांडतात. ही डोक्यावर एक, हातात एक घेते, चढावरून येते आणि एक थेंब सांडत नाही. मी विचारलं, कुठं शिकलीस? तर म्हणाली, शाळेत!"

तो मोकळेपणानं हसला. सेकानी त्याच्याकडे बघत राहिला.

एलुबे आली. सेकानीनं वाटेत काय काय बोलायचं ते ठरवलं होतं म्हणे, पण तोंडातून एवढंच निघालं, "चल ना. मी आता तुझं नाव नाही लिहिणार."

"तू नाही तर दुसरा कोणी लिहील," ती म्हणाली. रागानं नाही, वेळ काय झाली हे सांगावं तसं.

"पोरी, चूक आमची आहे," फालेसी म्हणाली. "तुझ्या आईचं कुपन दिलंय मी परत. चल घरी. पुढच्या वर्षी आठवीची परीक्षा द्यायचीय ना तुला?"

"इथं पण पाणीच आहे, काकी. पण इथं सगळेच वाहतात." तिनं झारी या हातातून त्या हातात घेतली. "आणि इथं बोललं तरी चालतं. परवा मी गाणं म्हटलं, मोठ्यानं. कुणी काही लिहिलं नाही."

तेवढं सांगताना ती हसली. सेकानीला तिचं हसणं आठवत नव्हतं, कारण वर्गात त्यानं ते कधी पाहिलंच नव्हतं. ती वाफ्याकडे परत गेली. हंगाम संपल्यावर बघू, असं मुकादम म्हणाला. परतीच्या गाडीवर सेकानी पोत्यात तोंड खुपसून रडला, आणि फालेसीनं त्याला गप्प केलं नाही. रडू दे, ती नंतर मला म्हणाली, इतके दिवस तो कशालाच रडत नव्हता.

त्या आठवड्यात नाफिरी आजीनं लापशीच्या चुलीत पाणी ओतलं. आयांनी सांगून टाकलं, ही यादी बंद होईपर्यंत चूल पेटणार नाही. मग मुख्याध्यापिकाबाईंना पालकांची सभा बोलवावीच लागली. अध्यक्ष अर्थात चिसुंगा. फालेसी सगळ्यांपुढे उभी राहिली.

"माझ्या मुलानं वर्गात लाच खाल्ली. ती त्याला मी शिकवली. मी प्रमुखांना कोंबडी दिली आणि डोरिकाचं नाव खोडलं गेलं. मास्तरांना मंदासी दिली आणि पोरगा मॉनिटर झाला. एलुबे आज मळ्यावर आहे, ती माझ्यामुळे."

मग चिसुंगांनी कान खाजवला आणि म्हणाले, "सेकानीच्या आई, कोंबडी परत हवी होती का? ती तर कधीच पचली!"

सभा खो खो हसली. मीही हसलो. ते लपवण्यात अर्थ नाही.

तेव्हा सेकानी उठला. त्याच्या हातात कागद नव्हता. "रोज पंधरा नावं लिहायचो," तो म्हणाला. "बोललेले चारपाचच असायचे. ज्यांनी दिलं त्यांची लिहिली नाहीत. बेस्टन शेंगा द्यायचा. फाटिमा आंबे. विल्सन अंडं." तो एकेक नाव घेत गेला आणि सभेत एकेक मान खाली जात गेली. कारण शेंगा पोरांच्या शेतात पिकत नाहीत आणि अंडी पोरं घालत नाहीत. विल्सन माझा मुलगा. अंडं त्याच्या आईनं उकडलं होतं आणि खिशात मी घातलं होतं, घाईत फुटू नये म्हणून फडक्यात गुंडाळून.

कालुवा मास्तर उठले आणि इतकंच म्हणाले, "पंधरा हा आकडा माझा होता." त्या माणसाबद्दल मला तेव्हा पहिल्यांदा आदर वाटला. यादी बंद झाली. विटांचं पाणी पालकांनी वाहायचं ठरलं, आणि चिसुंगांनी तेही आपणच सुचवल्यासारखं जाहीर केलं. खताची यादी पुढच्या वर्षी त्यांनीच वाचली. एलुबे हंगामानंतरही आली नाही. मळ्यावरून दुसऱ्या मळ्यावर गेली म्हणतात.

सभेच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट मला सेकानीनं सांगितली. मास्तर सहावीवर गेले. टेबलावर कुणी नव्हतं, कागदही नव्हता. सेकानी आपल्या जागेवर, चौथ्या रांगेत. तरी वर्ग चिडीचूप. मग दुसऱ्या रांगेतलं ते बारकं पोर उठलं, दोन हातांनी वाकून त्याच्यासमोर एक आंबा ठेवला.

"अरे, यादी बंद झाली," सेकानी म्हणाला. "घेऊन जा तो."

"माहीत आहे," पोर म्हणालं. "पण उद्या परत सुरू झाली तर?"

सेकानीनं आंबा त्याच्या हातात परत दिला. ते पोर तो घेऊन उभंच राहिलं. आपला आंबा आपणच खायचा असतो, हे त्याला कळेना. शेवटी सेकानीनं तो सोलला, अर्धा त्याला भरवला आणि अर्धा स्वतः खाल्ला. यादी एका सभेत बंद झाली, पण त्या पोराच्या मनातली यादी कोण आणि किती सभांत बंद करणार, ते मला माहीत नाही. शाळेनं त्याला वाचायला किती शिकवलं कुणास ठाऊक, वाकायला मात्र पक्कं शिकवलं होतं, आणि घरी आम्ही रोज त्याचा सराव करून घेतला होता. म्हणून एवढंच सांगतो: मुलाच्या खिशात काही घालाल तेव्हा ते कुणासाठी चाललंय हे त्याला विचारा, आणि यादीत आपलं नाव आलं तर आनंदाची आरोळी ठोकण्याआधी गळलेल्या माणसाचं घर शोधून काढा. चार दिवस थांबू नका.